विषाणुजन्य ज्वरोत्तर मांसक्षय : आहारयोजनेचा पुनर्विचार
(मढ येथील चिकित्सानुभवाच्या आधारे)

प्रस्तावना

पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या उपनगरांतील चिकित्सालयांत डेंग्यू व चिकुनगुन्याचे रुग्ण वाढतात, हा आपणा सर्वांचा दरवर्षीचा अनुभव आहे. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, २०२४ मध्ये तिने पुन्हा डोके वर काढले. आणि २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोविडने काय घडविले ते वेगळे सांगावयास नको. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तथापि त्या काळात रुग्णालयातून घरी आलेल्या अनेक रुग्णांनी आमच्यापुढे जो प्रश्न ठेवला, तो आजही प्रत्येक गंभीर ज्वरानंतर तसाच पुढे येतो. ज्वर उतरला, रक्ताचे अहवाल सुधारले, परंतु रुग्ण खुर्चीतून उठताना हाताचा आधार घेतो, जिना चढताना मध्येच थांबतो, पाण्याची कळशी उचलू शकत नाही. नातेवाईक म्हणतात, "अशक्तपणा आहे, काहीतरी ताकदीचे द्या."

आपण काय देतो? बहुधा एखादा अवलेह, एखादा कल्प, आणि "हलके खा, पेज घ्या" हा सल्ला. यातील शेवटच्या सल्ल्याविषयी प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे. कारण हा सल्ला योग्य वेळी अमृतासमान असून अयोग्य वेळेपर्यंत चालू ठेवल्यास रुग्णाची हानी करतो, आणि ती हानी आमच्या हातून घडलेली आहे.

एक रुग्णानुभव

मढ, भाटी, एरंगळ या भागात कोळी समाजाची वस्ती मोठी आहे. पुरुष डोल जाळ्यावर जातात. स्त्रिया मासळी निवडतात, वाळवतात, डोक्यावर पाटी घेऊन विकावयास जातात. बळ कमी झाले की त्यांचा चरितार्थच थांबतो.

२०२१ च्या मे महिन्यात ५८ वर्षे वयाचे एक तांडेल आमच्याकडे आले. कोविडमुळे ते १९ दिवस रुग्णालयात होते. प्राणवायू व स्टिरॉइड दोन्ही द्यावे लागले होते. आजारापूर्वीचे वजन ६८ किलो, आमच्याकडे आले त्या दिवशी ५७ किलो. जिव्हा साम, क्षुधा मंद, मलप्रवृत्ती अनियमित. आम्ही अग्निमांद्य प्रधान मानून पेया, मुद्गयूष, गुडूची क्वाथ व थोडे घृत अशी योजना केली. मासे गुरु व अभिष्यंदी, म्हणून ते पूर्ण वर्ज्य करण्यास सांगितले.

आठवड्याभरात जिव्हा स्वच्छ झाली, भूक लागू लागली. येथेच योजना बदलावयास हवी होती. आम्ही ती बदलली नाही. "पेज मानवते आहे" या समाधानात चार आठवडे गेले. चार आठवड्यांनी वजन ५४ किलो भरले. त्याच आठवड्यात ते जेट्टीच्या पायऱ्यांवर पाय लटपटून पडले. सुदैवाने अस्थिभग्न झाला नाही. त्यांच्या पत्नी आम्हाला म्हणाल्या, "डाक्टर, म्हावऱ्यावर वाढलेलं शरीर पेजेवर कसं उभं राहील?"

या प्रश्नाने आम्हाला कागद-पेन्सिल घेऊन बसविले.

पेजेचा हिशेब

शार्ङ्गधराने पेया चौदापट पाण्यात सिद्ध करण्यास सांगितले आहे. ३० ग्रॅम तांदळाची पेया केली असता भांडे भरते, रुग्णाचे पोटही भरते. परंतु त्यात प्रथिने सुमारे २ ग्रॅम व ऊर्जा सुमारे १०५ कॅलरी एवढीच असते. आमचा रुग्ण दिवसातून तीन वेळा पेया, दोन वेळा २० ग्रॅम मुगाचा यूष व दोन चमचे तूप घेत होता. म्हणजे दिवसाकाठी प्रथिने सुमारे १६ ते १७ ग्रॅम आणि ऊर्जा साधारण ५५० कॅलरी.

आता गरज पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने ही दैनिक मात्रा दिली आहे. गंभीर आजारातून उठणाऱ्या व विशेषतः वयस्क रुग्णास १.२ ते १.५ ग्रॅम द्यावीत, असे आजचे पोषणशास्त्र सांगते. ५७ किलो वजनाच्या रुग्णास १.२ प्रमाणे सुमारे ६८ ग्रॅम प्रथिने व १७०० कॅलरी हव्या होत्या. आम्ही प्रथिने गरजेच्या चौथ्या हिश्शाइतकी व ऊर्जा एक तृतीयांश देत होतो, तीही महिनाभर. आजाराने जे मांस नेले नाही, ते आमच्या पथ्याने नेले.

संप्राप्ति

गंभीर ज्वरात मांसक्षय तीन वाटांनी होतो. पहिली, ज्वराच्या उष्म्याने व दाहाने होणारे प्रत्यक्ष धातुपचन. दुसरी, अन्नद्वेष, वमन व अतिसार यांमुळे होणारे अनशन. तिसरी, शय्येवर पडून राहणे. अतिदक्षता विभागातील रुग्णांवर लंडनमध्ये झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या दहा दिवसांतच मांडीच्या पुढील स्नायूचा छेद सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला आढळला. स्टिरॉइडचा उपयोग झाला असल्यास मांड्या व खांदे यांचे स्नायू आणखी दुर्बल होतात.

सुश्रुताने मांसक्षयाच्या लक्षणांत नितंब, गाल, मांड्या, पोटऱ्या, वक्ष, मान यांची शुष्कता, गात्रांना शिथिलता व तोद यांचा उल्लेख केला आहे. आजचे वैद्यकही मांसक्षय पाहण्यासाठी पोटरीचाच घेर मोजते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

ज्वरानंतर अग्नी मंद असतो, म्हणून रसधातू नीट बनत नाही; रस नीट नाही म्हणून पुढे रक्त व मांस यांचे पोषण होत नाही. एवढे आपण सर्व जाणतो. परंतु अग्नी प्रदीप्त झाल्यावर त्याला इंधन मिळाले नाही तर तो धातूंनाच जाळतो, हा सिद्धांताचा दुसरा अर्धा भाग व्यवहारात आपल्याकडून सुटतो.

ग्रंथाधार : शिडी व तिची शेवटची पायरी

चरकाने ज्वरचिकित्सेत लंघन सांगितले, परंतु ते बळास बाध न आणता करावे, कारण आरोग्य बळावर अधिष्ठित आहे, हेही त्याच ठिकाणी सांगितले आहे.

संसर्जन क्रम हा मूलतः शोधनानंतरचा. ज्वरोत्तर अवस्थेत आपण तो युक्तीने वापरतो. पेया, विलेपी, अकृत व कृत यूष, अकृत व कृत मांसरस असा तो क्रम आहे. प्रधान शुद्धीनंतरही प्रत्येक पायरी तीन अन्नकाल, म्हणजे एकूण बारा अन्नकाल व सुमारे सात दिवस. लहान अग्नी तृण-गोमयाने हळूहळू वाढवावा, हा दृष्टांत वाढविण्यासाठी आहे. पेया ही पहिली पायरी असून त्या पायरीवर महिनाभर रुग्णास उभे करण्यास ग्रंथात आधार नाही. शिवाय शिडीची शेवटची पायरी मांसरस आहे. मांसाने मांस सर्वाधिक वाढते, हा सामान्य-विशेष सिद्धांताचा चरकोक्त दाखला सर्वश्रुत आहे.

माशांविषयी मात्र ग्रंथवचने नीट पाहिली पाहिजेत. चरकाने मासे गुरु, उष्ण, स्निग्ध, बल्य व बृंहण म्हटले, त्याचबरोबर बहुदोषकर म्हटले. मासे, दही, उडीद यांचा नित्य अभ्यास नको, वाळविलेले मांसही नित्य नको, असेही सूत्रस्थानात आहे. हे वचन झाकून ठेवणे योग्य नाही. परंतु त्याच ग्रंथात ओकसात्म्याचा विचार आहे, आणि सवयीची अहितकर वस्तूदेखील एकदम न सोडता पादांशक्रमाने सोडावी असा निर्देश आहे. जन्मापासून मासे सात्म्य असलेल्या कृश रुग्णाचे मासे आम्ही एका दिवसात बंद केले. ते ग्रंथाला धरून नव्हते. आमचे आजचे मत असे की, ज्याला मासे सात्म्य आहेत, त्याला अग्नी सुधारताच लघु मासे अल्प मात्रेत सुरू करावेत. ज्याला सात्म्य नाहीत, त्याच्यावर ते लादू नयेत.

परीक्षण

"अशक्तपणा" हा शब्द मोजमापात आणल्याशिवाय चिकित्सेचे फळ कळत नाही. चिकित्सालयात पुढील चार गोष्टी विनाखर्च होतात.

१) वजन : दर आठवड्यास, एकाच काट्यावर.
२) पोटरीचा घेर : पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास मांसक्षयाची शंका घ्यावी. शोथ असल्यास हे माप फसवे ठरते.
३) खुर्चीतून पाच वेळा उठणे-बसणे : हात छातीशी बांधून. १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास बळ कमी समजावे.
४) आहाराची नोंद : मागील दोन दिवसांत काय व किती खाल्ले, हे वाटी-चमच्याच्या मापाने लिहून घ्यावे. आमच्या अनुभवात ही चौथी परीक्षा सर्वांत अधिक बोलते.

याबरोबर रक्तशर्करा, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या व रक्तवर्ण पाहावा. प्रत्येक दौर्बल्य मांसक्षय नसते. पायांपासून वर सरकत जाणारी, दिवसागणिक वाढणारी दुर्बलता व मुंग्या असल्यास गुइयाँ-बारे या नाडीविकाराची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात या विकाराचा उद्रेक झाला होता. गडद तपकिरी मूत्र व तीव्र स्नायुवेदना, छातीत दुखणे, चालल्यावर प्राणवायूची पातळी घसरणे, बोलताना किंवा गिळताना त्रास, ही लक्षणेही आहारयोजनेची वाट पाहणारी नाहीत.

आहारयोजना

प्रथम अवस्था (दिवस १ ते ३, फार तर ७) : भूक मंद, जिव्हा साम. पेया, विलेपी, मुद्गयूष. शुंठी, जिरे, सैंधव, थोडे तूप. ज्या रुग्णाने पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काही खाल्लेले नाही, त्याला पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून अधिक आहार देऊ नये. उपाशी शरीरात एकदम अन्न गेल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम घसरून हृदयास धोका होतो. येथे संसर्जन क्रम व आधुनिक मत एकच गोष्ट सांगतात. असा रुग्ण शक्यतो रुग्णालयाच्या देखरेखीखाली असावा.

द्वितीय अवस्था (पुढील ४ ते ७ दिवस) : क्षुधा, लघुता, उद्गारशुद्धी दिसताच पुढे सरकावे. मऊ भात, घट्ट वरण, अंडे, ताज्या बोंबलाचे किंवा पापलेटचे पातळ कालवण. कालवणात हळद, आले, लसूण, कोकम असावे. तिखट अल्प, तळण नको. येथे एक दोष सर्वत्र आढळतो. सूप गाळून रुग्णास पाजतात आणि मांस किंवा डाळीचा गाळ टाकून देतात. गाळलेल्या पाण्यात रुची व क्षार उतरतात, प्रथिने बहुतांशी गाळातच राहतात. मांस मऊ शिजवून, कुस्करून रसासह द्यावे.

तृतीय अवस्था (पुढील ८ ते १२ आठवडे) : पूर्ण बृंहण. प्रथिने एकाच जेवणात न देता तीन-चार वेळांत विभागून द्यावीत. वयस्क रुग्णात दर मुख्य जेवणात २० ते २५ ग्रॅमचे उद्दिष्ट ठेवावे. ५५ किलो वजनाच्या रुग्णासाठी (उद्दिष्ट ६६ ग्रॅम) दोन नमुने देत आहोत.

मत्स्याहारी कुटुंब :
सकाळी दोन अंडी व एक भाकरी, १६ ग्रॅम.
दुपारी भात व काटे वगळून १०० ग्रॅम मासळी, २४ ग्रॅम.
चार वाजता मूठभर (३० ग्रॅम) भाजलेले चणे, ६ ग्रॅम.
रात्री भात किंवा भाकरी, ३० ग्रॅम डाळीचे वरण व १५ ग्रॅम सुकी मासळी, २१ ग्रॅम.
एकूण सुमारे ६७ ग्रॅम.

शाकाहारी कुटुंब :
सकाळी ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी व एक पेला (२०० मि.लि.) दूध, १८ ग्रॅम.
दुपारी दोन पोळ्या, ३० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, वाटीभर दही, १६ ग्रॅम.
चार वाजता २५ ग्रॅम शेंगदाणे व २० ग्रॅम चणे, १० ग्रॅम.
रात्री भात, ४० ग्रॅम मूग किंवा मटकीची उसळ व ५० ग्रॅम पनीर, २२ ग्रॅम.
एकूण सुमारे ६६ ग्रॅम.

भाजी, फळ, तूप किंवा तेल यांनी ऊर्जेची भरपाई करावी. ऊर्जा अपुरी असल्यास प्रथिने जळणात जातात, मांस बांधले जात नाही.

सुक्या मासळीविषयी : महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. डेंग्यूचे दिवस व ताज्या मासळीच्या टंचाईचे दिवस असे एकत्र येतात. त्या वेळी घरात डब्यात भरून ठेवलेले सुके बोंबील, जवळा हेच बळाचे साधन असते. ताज्या बोंबलात पाणी फार, प्रथिने शेकडा दहाच्या आसपास. सुक्यात ती शेकडा साठाच्या घरात जातात. म्हणून १५-२० ग्रॅम पुरतात. कोमट पाण्यात दोनदा धुवून, मऊ शिजवून द्यावे; कडक भाजून चटणी करून देऊ नये. बोंबील व जवळा बहुधा मीठ न लावता उन्हात वाळवितात, परंतु खारवलेली मासळी उच्च रक्तदाब, शोथ व वृक्कविकारात वर्ज्य करावी. वातरक्तात सुकी मासळी टाळावी. बुरशीचा वास येणारी टाकून द्यावी.

विरुद्धाहार : मासे व दूध एका अन्नकाली नकोत. ज्या घरी दोन्ही वेळा मासे होतात, तेथे क्षीरपाक पहाटे द्यावा किंवा औषध घृताबरोबर योजावे.

व्यायाम : बळ येईपर्यंत ज्वरमुक्ताने व्यायाम व अधिक चालणे टाळावे, हे चरकमत खरे, परंतु बळ येऊ लागल्यावर भार न दिल्यास आहाराचे मांस होत नाही. खुर्चीतून उठणे-बसणे पाच वेळांपासून सुरू करून अर्धशक्तीपर्यंत वाढवावे. दुसऱ्या दिवशी थकवा वाढल्यास एक पाऊल मागे यावे.

औषधयोजना

औषध हे आहाराचे सहायक आहे. शुंठी, पिप्पली, हिंग्वाष्टक हे अग्नीसाठी. त्यानंतर अश्वगंधा, बला, विदारी, शतावरी हे प्रकृतीनुसार. अश्वगंधा चूर्ण ३ ग्रॅमपासून सुरू करावे. येथेही हिशेब पाहावा. ५ ग्रॅम द्रव्याच्या क्षीरपाकास १:८:३२ या प्रमाणात ४० मि.लि. दूध येते, म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने. क्षीरपाक हे औषध आहे, अन्न नव्हे. तो दिल्याने बृंहण झाले असे समजू नये.

अश्वगंधेने यकृतास इजा झाल्याच्या तुरळक नोंदी निरनिराळ्या देशांतून आल्या आहेत. थायरॉइडचे औषध घेणारे व गर्भिणी यांतही सावधानता हवी. गुडूचीबाबत मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवूनही वनस्पतीची ओळख निश्चित असणे, मात्रा व कालमर्यादा पाळणे आणि कावीळ किंवा कंडू दिसताच औषध थांबविणे हे आपले कर्तव्य आहे.

औषधालय चालकांसाठी

वर वर्णिलेल्या रुग्णाच्या घरी दोन डबे आढळले. एक च्यवनप्राश, दुसरा "ताकदीची" पावडर. दोन्ही एका दुकानातून सल्ला म्हणून मिळालेले. पावडरच्या वेष्टनावर दर मात्रेस प्रथिने ४ ग्रॅम, साखर १३ ग्रॅम. स्टिरॉइडनंतर रुग्णाची रक्तशर्करा आधीच वाढलेली होती. म्हणून विनंती :

१) प्रथिनांचा डबा देण्यापूर्वी वेष्टनावरील दर १०० ग्रॅमचे आकडे वाचावेत. प्रथिने २० ग्रॅमहून कमी व साखर त्याहून अधिक असल्यास तो प्रथिनांचा डबा म्हणून देऊ नये.
२) मधुमेह, वृक्कविकार आहे का, हे विचारल्याशिवाय अवलेह किंवा पावडर देऊ नये. वृक्कविकारात प्रथिनांची मात्रा चिकित्सकानेच ठरवावी.
३) ग्राहकाच्या घरी अंडी, डाळ, मासळी परवडत असेल तर तसे प्रामाणिकपणे सांगावे. एक विक्री कमी होईल, परंतु ते घर पुन्हा आपल्याच दुकानी येईल.

रुग्णानुभवाची परिणती

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही योजना बदलली. डबे बंद केले. अंडी, वरण व मासेबंदीच्या काळात सुके बोंबील सुरू केले. शर्करेचे उपचार त्यांच्या चिकित्सकांकडे चालू ठेवले. त्या दिवशी त्यांना हाताच्या आधाराशिवाय एकदाही उठता येत नव्हते. आठ आठवड्यांनी वजन ५८ किलो व पाच वेळा उठण्यास २१ सेकंद. बारा आठवड्यांनी १३ सेकंद. नारळी पौर्णिमेनंतर ते होडीवर गेले, प्रथम केवळ बसण्यासाठी. दोर ओढण्यास आणखी महिना लागला.

एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही, आणि काळानेही काही बळ दिले असेल. तरीही पहिल्या चार आठवड्यांत काळ होता, औषध होते, पथ्य होते. नव्हते ते पुरेसे अन्न.

उपसंहार

लंघन केव्हा द्यावे हे आपली परंपरा उत्तम शिकविते. ते केव्हा थांबवावे, हेही तिनेच शिकविले आहे. ज्वरमुक्त रुग्णास "हलके खा" असे सांगताना ते किती दिवस, हे चिठ्ठीवर लिहावे आणि त्या दिवशी रुग्णास पुन्हा बोलवावे. एवढी एक सवय आपण लावून घेतली, तरी पुष्कळ रुग्णांचे मांस वाचेल.

अभ्यासमंडळात चर्चेसाठी

१) आपल्या मागील पाच ज्वरमुक्त रुग्णांच्या आहारात दिवसाकाठी किती प्रथिने होती? हिशेब मांडावा.
२) मासे सात्म्य असलेल्या व आमवाताची लक्षणे असलेल्या चिकुनगुन्याच्या रुग्णात द्वितीय अवस्था केव्हा सुरू करावी?
३) आपल्या भागातील स्वस्त, सात्म्य व प्रथिनयुक्त पाच पदार्थ कोणते? त्यांची वाटीच्या मापाने यादी करून चिकित्सालयात लावावी.